सोबतीला कोण, त्यावर जपान

३ मे १९३३ रोजी ब्रूनो टाउट हा जर्मन वास्तुरचनाकार व्लादिवोस्तोकहून आलेल्या बोटीतून जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरला. हिटलर सत्तेवर येऊन तीन महिने झाले होते, टाउटची गणना डाव्यांत होत होती आणि जर्मनीत आपलं काही खरं नाही हे त्याला कळून चुकलं होतं. सोबत सहचरी एरिका होती. दुसऱ्याच दिवशी त्याचा त्रेपन्नावा वाढदिवस होता. तो दिवस नव्या देशात कसा घालवायचा हे त्याच्या यजमानांनी आधीच ठरवून ठेवलं होतं: ते त्याला क्योतोतला कात्सुरा राजवाडा दाखवायला घेऊन गेले.

राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं तिथे काहीच नाही. तळं, तळ्याकाठच्या चहाच्या कुटी, रंग न दिलेलं लाकूड, कागदी सरकती दारं, चांदणं बघायला बांबूचा सज्जा. शोकिन्तेई नावाच्या कुटीत भिंतीवर आणि सरकत्या पडद्यांवर निळ्यापांढऱ्या कागदाची, मोठमोठ्या चौकड्यांची नक्षी आहे. सतराव्या शतकातली असूनही ती काल कुणा बंडखोर चित्रकारानं चिकटवली असावी असं वाटतं. टाउट भारावून गेला. पुढची साडेतीन वर्षं तो जपानात राहिला, कात्सुरावर लिहीत राहिला, बोलत राहिला. आधुनिक वास्तुकलेला जे साधायचं आहे ते इथे तीनशे वर्षांपूर्वीच साधलेलं आहे, असा त्याचा सूर होता. आल्या त्याच मे महिन्यात त्यानं निक्कोचं तोशोगू देवस्थानही पाहिलं. सोनं, लाख, पानाफुलांचं नक्षीकाम, ती प्रसिद्ध तीन माकडं. ते त्याला मुळीच रुचलं नाही. कात्सुरा म्हणजे अस्सल जपान आणि निक्को म्हणजे नुसता भपका, ही वाटणी तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत मुरली.

आता त्याला नेलं कोणी ते पाहू. इसाबुरो उएनो हा क्योतोचा वास्तुरचनाकार. बर्लिन आणि व्हिएन्नात शिकलेला, जर्मन बोलणारा, बायको व्हिएन्नाची. टाउटला जपानचं निमंत्रण देणाऱ्या आधुनिक वास्तुरचनाकारांच्या मंडळाचा तो म्होरक्या. या मंडळींचं त्या काळी देशात एक भांडण चालू होतं. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीवर देवळाचं कौलारू छप्पर ठेवायचं आणि त्याला राष्ट्रीय शैली म्हणायचं, अशी लाट आली होती आणि तिला हे तरुण वैतागले होते. परंपरा म्हणजे छप्पर नव्हे, परंपरा म्हणजे कात्सुराचा साधेपणा, हे त्यांना सांगायचं होतं. तेच युरोपातल्या नामांकित माणसानं सांगितलं तर वजन पडणार होतं. १९८६ मध्ये शोइची इनोउए या अभ्यासकानं 'टाउटनं कात्सुरा शोधून काढला' या दंतकथेची पानोपानी चिरफाड करणारं पुस्तक लिहिलं. वाढदिवसाची सहल निरागस नव्हती, असा त्याचा एकूण रोख.

तरीही टाउटला कोणी फसवलं, असं म्हणता येत नाही. डोळे त्याचेच होते, आनंदही खरा होता. पण कोणत्या दारातून आत शिरायचं हे मात्र सोबत्यानं ठरवलं. जपानात सुट्टी घालवणाऱ्या परक्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट दीडशे वर्षं चालू आहे. तो जे 'जपान' म्हणून घरी घेऊन जातो ते बऱ्याच अंशी बरोबरच्या एका जपानी माणसाचं जपान असतं.

सुरुवातीला तर सोबत्यावाचून गत्यंतरच नव्हतं. योकोहामासारखी मोजकी बंदरं परदेशीयांना खुली होती. त्यांच्याभोवती दहा री, म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर, एवढीच मोकळीक. त्यापलीकडे जायचं तर सरकारी परवाना हवा. तो नियम १८९९ पर्यंत चालला. परवान्यावरच्या अटी वाचायला मौजेच्या आहेत: रानात विस्तव पेटवू नये, आग लागली तर घोड्यावर बसून बघायला जाऊ नये, देवळांच्या भिंतींवर काही खरडू नये. शेवटची अट आजही छापायला हरकत नाही.

असा परवाना घेऊन १८७८ च्या जूनमध्ये इझाबेला बर्ड ही ब्रिटिश प्रवासिनी तोक्योहून उत्तरेकडे निघाली. वय ४६, पाठदुखी जुनी, सोबत घडीची खाट आणि रबरी न्हाणीटब. दुभाषा म्हणून तिनं इतो नावाचा पोरगेलासा तरुण निवडला. उंची पाच फुटांच्या आत. त्याच्याकडे शिफारसपत्र नव्हतं. होतं ते वडिलांच्या घराला लागलेल्या आगीत जळालं, असं त्यानं सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही, पण त्याचं इंग्रजी कामापुरतं होतं आणि उत्तरेकडचे रस्ते माहीत असल्याचंही तो सांगत होता. महिना बारा डॉलरवर करार झाला. आणि त्यानं पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ मागून घेतला!

इतो हे रसायनच वेगळं होतं. घोडे, खानावळी, खरेदी, सगळ्यात आपली दस्तुरी काढायचा आणि बाईंना ते ठाऊक होतं. पण रोज नवे इंग्रजी शब्द वहीत उतरवून घ्यायचा, हिशेब चोख ठेवायचा आणि चिखलपावसातून सामान वेळेवर पोचवायचा. पुढे कळलं की एका वनस्पतिशास्त्रज्ञाशी केलेला करार अर्धवट सोडून तो बाईंकडे आला होता. तो शास्त्रज्ञ हाकोदातेत समोरच उभा ठाकला आणि होक्काइदोची फेरी आटोपल्यावर इतोची सोबत तिथेच संपली.

बर्डबाईंच्या प्रवासाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे होक्काइदोतल्या ऐनू लोकांमध्ये काढलेले दिवस. या आदिवासींविषयी इंग्रजीत इतकं सविस्तर त्याआधी फारसं कोणी लिहिलं नव्हतं. ते कसं लिहिलं गेलं? ऐनू माणूस आपल्या भाषेत सांगणार, त्यांच्यातला जपानी येणारा एक जण ते जपानीत आणणार, इतो ते इंग्रजीत आणणार आणि बाई टिपून घेणार. हा मधला इतो ऐनूंना माणसांत धरायलाच तयार नव्हता. त्यांच्याशी नम्रपणे वाग, असं बाईंनी बजावल्यावर तो चांगलाच उखडला. हे बाईंनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं पुस्तक आजही वाचलं जातं. ते वाचताना ओळीओळीमागे हा खट्याळ, हुशार, पूर्वग्रहांनी भरलेला पोरगा उभा आहे हे विसरून चालत नाही. इतोनं मात्र या धंद्यात पुढे नाव काढलं, योकोहामाच्या वाटाड्यांमध्ये त्याला मान होता.

वॉल्टर वेस्टनची गोष्ट याहून सरळ आणि मला विचाराल तर अधिक लोभस आहे. हा इंग्रज धर्मोपदेशक १८८८ मध्ये जपानात आला. धर्मप्रसाराचं काम करता करता सुट्टी मिळाली की बूट चढवून डोंगरात पळायचा. नागानोतल्या कामिकोची खोऱ्यात त्याला कामिजो कामोन्जी भेटला. कामोन्जी शिकारी होता. म्योजिन तळ्याकाठी झोपडी बांधून राहायचा, इवाना मासे पकडायचा. १८९३ मध्ये तो वेस्टनला माए-होताकाच्या शिखरावर घेऊन गेला. पुढच्या फेऱ्यांतही हीच जोडी डोंगरात हिंडली. एक केंब्रिजचा पदवीधर, दुसरा रानात वाढलेला. बोलण्याची भाषा तोकडी, पण दोराच्या दोन टोकांना बांधलेल्या माणसांना फार बोलावं लागत नाही. वेस्टननं आपली बर्फकुऱ्हाड त्याला भेट दिली.

ती कुऱ्हाड आजही तिथेच आहे. कामोन्जीच्या झोपडीत त्याचे वंशज विश्रामगृह चालवतात. आत अंधारी खोली, मधोमध जमिनीत चौकोनी चूल, धुरानं काळे झालेले वासे. चुलीभोवतीच्या राखेत मीठ लावलेले इवाना मासे काड्यांवर टोचून तिरपे उभे करतात आणि मंद आचेवर इतका वेळ भाजतात की डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळाच कुरकुरीत होतो, काटे बाजूला काढायची गरज राहत नाही. भिंतीवर कामोन्जीची बंदूक आणि वेस्टनची कुऱ्हाड. जपानी गिर्यारोहक इथे एखाद्या देवळात यावं तसे येतात.

या जोडीचा परिणाम उलट दिशेनंही झाला आणि खरी गंमत तिथे आहे. १९०२ च्या ऑगस्टमध्ये कोजिमा उसुइ आणि ओकानो किन्जिरो हे योकोहामात नोकरी करणारे दोन तरुण यारीगाताके हे भाल्याच्या टोकासारखं शिखर चढले. आपण मोठाच पराक्रम केला, अशी त्यांची समजूत. थोड्याच काळात ओकानोच्या हाती एक इंग्रजी पुस्तक पडलं. त्यात यारीचंच वर्णन, चढाई दहा वर्षांपूर्वीची आणि लेखक वेस्टन! चौकशी केली तर तो योकोहामातच राहत होता. दोघे त्याला जाऊन भेटले. युरोपात गिर्यारोहकांचे क्लब असतात, तसा तुम्ही काढा, असा आग्रह वेस्टननं धरला आणि १९०५ मध्ये जपानी अल्पाइन क्लब स्थापन झाला. वेस्टनच्याही आधी, १८२८ मध्ये, बान्र्यू नावाच्या बौद्ध भिक्षूनं यारी सर केलं होतं हे खरं. पण भिक्षू पुण्यासाठी चढायचे, शिकारी पोटासाठी. रविवार आहे म्हणून चढायचं, ही कल्पना परक्या माणसाच्या सोबतीनं आली. २०१६ पासून ११ ऑगस्टला जपानात 'पर्वतदिना'ची सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या पहिल्या वर्षीचा मुख्य सोहळा कामिकोचीतच झाला.

पाहुण्याला कोणी तरी नीट हिंडवलं पाहिजे, हे सरकारच्या आधी व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. १८९३ मध्ये शिबुसावा एइइची आणि मासुदा ताकाशी या उद्योगपतींनी परदेशी पाहुण्यांच्या स्वागतासाठी 'किहिनकाई' ही संस्था काढली. चांगल्या खानावळी, विश्वासू वाटाडे, नकाशे हा तिचा कार्यक्रम. शिबुसावा २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर आहे, त्यामुळे आजचा पर्यटक त्याचा चेहरा खिशात घेऊनच फिरतो. १९४९ मध्ये वाटाड्यांसाठी परवान्याचा कायदा आला. परीक्षा अवघड, पास होणारे थोडे. २०१८ मध्ये तो सैल केला, आता परवाना नसलेलाही पैसे घेऊन वाटाड्याचं काम करू शकतो. कारण आकड्यांपुढे परवाने पुरेनात. २०१३ मध्ये परदेशी पाहुण्यांनी पहिल्यांदा वर्षाला एक कोटीचा टप्पा ओलांडला. २०२४ मध्ये ते साडेतीन कोटींच्या पुढे गेले. भारतातून त्या वर्षी सव्वादोन लाखांहून अधिक लोक गेले. त्यांत मुंबई-पुण्याकडची मंडळी किती हे कोणत्याही सहल कंपनीच्या जाहिरातीवरून ताडावं.

सहल कंपनीचं जपान सहा-सात दिवसांचं असतं. तोक्यो, फुजी, शिन्कान्सेन, क्योतो आणि रात्रीच्या जेवणाला भारतीय हॉटेल. त्यात वाईट काही नाही. पण तोक्योत नोकरीला असलेल्या मराठी माणसाचं जपान वेगळं. एदोगावा विभागातल्या निशिकासाई भागात भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या विभागसभेवर निवडून आले. अशा वस्तीतल्या माणसाला ऑफिसातला जपानी सहकारी कधीतरी अदबीनं विचारतो, येत्या सुट्टीत मोकळे आहात का? तिथून खरी सहल सुरू होते.

'येत्या सुट्टीत' हे शब्द साधे नाहीत. जपानात वर्षाला सोळा राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. २९ एप्रिल आणि ३, ४, ५ मे मिळून 'गोल्डन वीक' होतो, ऑगस्टच्या मध्यावर पितरांचा ओबोन येतो आणि मग नववर्ष. हक्काची रजा स्वतःहून मागायला लोक इतके कचरतात की एप्रिल २०१९ पासून कर्मचाऱ्यानं वर्षातून निदान पाच दिवस रजा घेतलीच पाहिजे, हे बघणं कायद्यानं मालकावर टाकलं. परिणामी जेव्हा सगळ्यांना सुट्टी, तेव्हाच सगळे बाहेर. महामार्गांवर मैलोन्मैल रांगा. २०२३ च्या अखेरीपासून या तीन हंगामांत 'नोझोमी' शिन्कान्सेनला बिनआरक्षित डबाच नसतो. सम्राटांच्या राज्यारोहणामुळे २०१९ मध्ये सलग दहा दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा एवढ्या दिवसांचं करायचं काय, असा प्रश्न अनेकांना खरोखरच पडला होता.

म्हणून अनुभवी जपानी मित्र गोल्डन वीकमध्ये क्योतोचं नाव काढत नाही. तो सुचवतो ताकाओ. शिन्जुकूहून केइओ लाइनच्या गाडीनं तासाभरात डोंगराच्या पायथ्याशी. उंची ५९९ मीटर, आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. वर्षाला पंचवीस लाखांवर माणसं इथे चढतात, शाळेची पोरं, आजीआजोबा, उंच टाचांच्या बुटातल्या मुलीसुद्धा. केबल कारचा चढ एका ठिकाणी ३१ अंश १८ मिनिटं, जपानमधल्या केबल रेल्वेत सर्वांत उभा. मधे याकुओइन देऊळ आणि तिथे लांब नाकाच्या तेन्गू देवतेचे पुतळे. आकाश स्वच्छ असेल तर माथ्यावरून फुजी दिसतो. नसेल तर मित्र माफी मागतो. ढगांबद्दल!

बेत आखण्यात मात्र तो कसूर ठेवत नाही. जपानी शाळांत सहलीआधी 'शिओरी' नावाची छोटी पुस्तिका वाटतात: कुठे जमायचं, कितीची गाडी, काय काय आणायचं, खाऊ तीनशे येनपर्यंतचाच. केळं हे खाऊत धरायचं का, हा विद्यार्थ्यांचा सवाल तिथे पिढ्यान्पिढ्यांचा विनोद आहे. मोठेपणी नोकरीत रुळलेला माणूसही मित्रासाठी बेत आखताना त्याच वळणावर जातो. ९:०२ ची गाडी, ९:५८ ला उतरायचं, १०:०५ पर्यंत स्वच्छतागृह. 'बघू रे, निघू दहाच्या सुमारास' या संस्कारात वाढलेल्या पाहुण्याला पहिल्या तासाभरात घाम फुटतो. दुपारनंतर मात्र त्याच्या ध्यानात येतं की आज आपल्याला काहीच शोधावं लागलं नाही, कुठे ताटकळावं लागलं नाही.

तासाला धरून चालणाऱ्या या देशात संथ प्रवासाचंही एक तिकीट आहे. 'सेइशुन १८' १९८२ पासून शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत मिळतं. त्यावर जेआरच्या साध्या गाड्यांनी दिवसभर कुठेही हिंडा. शिन्कान्सेन नाही, एक्स्प्रेस नाही. नाव तारुण्याचं, पण वयाची अट नाही. पाच दिवसांचं एकच तिकीट पाच जणांनी एका दिवशी वाटून वापरावं, ही त्यातली नामी सोय होती आणि मित्रांच्या कितीतरी सहली त्यावर निघाल्या. २०२४ च्या हिवाळ्यापासून तिकीट एकाच माणसाचं आणि दिवस सलगच, असा बदल झाला. चाहते हळहळले, आणि योग्यच हळहळले. रेल्वेचा हिशेब जुळला असेल, पण पाच जणांचा बेत मोडला.

ताकाओवर जेवणाची वेळ झाली की शाकाहारी पाहुण्याची परीक्षा सुरू होते. तिथली खासियत तोरोरो सोबा, म्हणजे किसलेला चिकट कंद घातलेल्या शेवया. दिसायला निव्वळ शाकाहारी. पण त्याखालचा रस्सा सुकवलेल्या बोनितो माशाच्या अर्काचा असतो. अनेक जपानी लोकांच्या लेखी तो मासा नसतोच, ती फक्त चव असते. मित्र मुरलेला असेल तर आत जाऊन विचारून येतो, पाहुण्याला रस्स्यावाचून जेवावं लागणार नाही असं काही तरी जुळवतो, नाही तर आधीच देवळातल्या सात्त्विक जेवणाचं आरक्षण करून ठेवतो. भात, तोफू, शेवाळाचा रस्सा, लोणची. हे काम नकाशाच्या कोणत्याही ॲपला जमत नाही.

मग गरम पाण्याचा झरा. स्टेशनला लागूनच ओन्सेन आहे. इथे मराठी माणसाची गाळण उडते, कारण पंचा कंबरेला नव्हे, डोक्यावर घ्यायचा असतो. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात उतरायचं. अंगावर गोंदण असेल तर पुष्कळ ठिकाणी प्रवेश नाही. आजीच्या हातावर हौसेनं गोंदलेली तुळस असली तरी नियम तोच. मित्र पुढे चालतो, मागे वळून बघत नाही, त्यामुळे लाज अर्धी होते. ऑफिसात वर्षभर 'सान' लावून बोलणारा माणूस गळ्यापर्यंतच्या पाण्यात आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलायला लागतो तेही इथेच.

घरी मात्र तो बोलावेलच असं नाही. यावर अनेक परदेशी रुसतात. आम्ही त्याला दिवाळीला जेवायला बोलावलं, फराळ दिला, याच्या घराचा उंबरठा अजून पाहिला नाही! लहान घरं, दूरचे प्रवास, पाहुण्यापुढे सारं नीटनेटकं असावं ही धास्ती, अशी कारणं त्यामागे असतात. त्याच्या हिशेबात आजचा आखलेला दिवस हेच आदरातिथ्य होतं.

हाच प्रश्न उलट बाजूनं पुण्यातही येतो. पु. ल. देशपांडे जपान हिंडून आले आणि 'पूर्वरंग'मध्ये ते लिहिलं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर त्यांच्या नावाचं जे उद्यान आहे ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेलं, पुणे-ओकायामा मैत्रीचं. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत नेमणुकीवर आलेल्या जपानी साहेबाला रविवारी तिथे नेणारे मराठी सहकारी पुष्कळ असतील. हेतू चांगलाच. पण घर सोडून आलेल्या माणसाला घरासारखीच बाग दाखवायची की झुणका-भाकर खायला गडावर न्यायचं, हे इथेही सोबत्याच्याच हातात.

इकडे ताकाओच्या सहलीचा संध्याकाळी हिशेब होतो. जपानी मित्र गणकयंत्रावर येनपर्यंत वाटणी करतो. टीटीएमएमची सवय असलेल्या पुणेकराला त्यात वावगं काही वाटत नाही. नंतर मित्र स्टेशनावरच्या दुकानात शिरतो आणि दोन डबे उचलतो. एकेक बिस्कीट स्वतंत्र कागदात, डब्यावर चोवीस नग. पाहुणा म्हणतो, मला नको, घरी खाणारे दोघंच. मित्र अवघडून हसतो आणि सांगतो की हे घरासाठी नाही. सुट्टीवरून परतताना ऑफिसातल्या प्रत्येकासाठी काही तरी न्यावं लागतं, नाही तर बरं दिसत नाही. एक डबा त्यानं पाहुण्याच्या नावानं घेतलेला असतो. उद्या नऊ वाजता तो प्रत्येकाच्या टेबलावर एकेक करून कसा ठेवायचा आणि कुठून सुरुवात करायची, हे परतीच्या गाडीत समजावून सांगतो. विभागप्रमुखांपासून.